बाबलीने पंचायतीत घातलेलं गाऱ्हाणं

बाबली घाडी माडावर चढला की वाडीत नारळांबरोबर बातम्याही पडायच्या. शेंड्यावरून त्याला सगळं गाव दिसे. कोणाच्या अंगणात पाहुणे उतरले, कोणाची म्हैस कोणाच्या मिरच्यांत शिरली, म्हापशाला जाणारी बस कुठवर पोचली. कोयता कमरेला अडकवून तो तिथूनच हाक मारी,

"पद्माकाकी, धांव गे! बस वडाकडे पावली!"

मग ओहोळापलीकडच्या पद्मावतीकाकी वांग्या-मिरच्यांची टोपली डोक्यावर घेऊन साकवावरून अलीकडे येत. साकव कसला, ओहोळावर आडवे टाकलेले दोन माडच ते. हाताला धरायला एक बांबू होता, तो केव्हाच पुरात गेला होता. काकी साकवाच्या मधोमध आल्या की बाबली गप्प होई. त्यांचं पाऊल अलीकडच्या मातीवर टेकलं की पुन्हा आवाज येई, "पावली! आता सावकाश चल, ड्रायव्हर चाय पिता!"

"मेल्या, मग धांवडायलंस कित्याक?" काकी मान वर न करता ओरडत. डोक्यावर टोपली असायची ना.

"बस चुकली तर माज्याच नावान बोटां मोडशी म्हणान!"

दर शुक्रवारी, म्हापशाच्या बाजाराच्या दिवशी, हा संवाद मी शाळेच्या पडवीतून ऐकत असे. शाळा ओहोळाला लागून होती आणि मी तिथे मास्तर होतो. आमचं गाव पेडणे तालुक्यात, मोरजीच्या अलीकडे. शेतीचं, माडांचं आणि एकमेकांवर लक्ष ठेवणाऱ्या माणसांचं.

बाबली पोटासाठी पाडेली होता, म्हणजे घरोघरचे माड पाडायचा. पण गावात त्याचं खरं काम गाऱ्हाणं घालण्याचं. घाड्यांच्या घराकडे ते बापजाद्यांपासून आलेलं. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करण्यापूर्वी नारळ पुढे ठेवून देवाला सगळी हकीकत मोठ्याने सांगतात आणि पाठीशी राहा म्हणतात. दर वाक्याच्या शेवटी घाडी जरा थांबतो आणि जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय महाराजा!" हे म्हणताना कोणी विचार करत नाही. ठेच लागल्यावर "आई गं" म्हणताना तरी कुठे करतो? आईच्या कडेवर असल्यापासून मूल ते शिकतं. वर्गात पाढे म्हणवून घेताना माझा सूर जरा लांबला आणि मी थांबलो, तर मागच्या बाकावरून हमखास "व्हय महाराजा" यायचं आणि मग तो तास हसण्यात जायचा.

एरवी बाबलीला चार वाक्यं धड बोलता येत नसत. समोर शिकलेला माणूस असला तर तो शर्टाच्या गुंड्यांशी खेळत राही. पण नारळ पुढे ठेवला की त्याच हडकुळ्या अंगातून असा आवाज निघे की देवळातल्या समयांच्या ज्योती हलतात की काय वाटावं. त्याची बायको सुमंगला म्हणायची, "माका मागणी घालूक आयलो तेन्नाही ह्येनी गाऱ्हाणांच घातलान. माजो बापूस सवयीन 'व्हय महाराजा' म्हणान गेलो, आणि मी जल्मभर अडाकलंय." बाबली हे ऐकून लाजायचा. लग्नाला किती वर्षं झाली तरी लाजायचा.

या माणसाला व्हॉलीबॉलचं वेड होतं. खेळायला मात्र तो अगदीच कच्चा. माडाच्या शेंड्यावर एका हाताने लोंबकळणारा बाबली चेंडूसाठी वीतभर उडी मारताना डोळे घट्ट मिटायचा. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाला, "माडार जमीन लांब आसता, मास्तर. हंय ती लागीं. लागतली म्हणान भंय दिसता." म्हणून त्याने खेळणं सोडलं आणि खेळवणं धरलं. गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांनी त्याने म्हापशाच्या बाजारातून एक चेंडू आणला आणि आमच्या गावची टुर्नामेंट सुरू झाली.

भात कापून झाल्यावर मरडातल्या एका शेतात ती भरे. मरड म्हणजे जरा उंचावरची जमीन. तिथे दुसरं पीक होत नसे, त्यामुळे कापणीनंतर ते शेत मोकळंच. बाबलीने कधी कोणाकडे वर्गणी मागितली नाही. माड पाडायला घरोघर जायचा, त्यामुळे कोणाच्या परड्यात काय आहे हे त्याला पाठ होतं. नेट मोरजीच्या एका रापणकाराकडून यायचं, जुन्या जाळ्याचं विणलेलं. राऊळांच्या घरच्या बायका लाकडी चोपणी घेऊन येत आणि पाणी शिंपडून ते शेत खळ्यासारखं चोपून काढत. नेटाचे दोन खांब पद्माकाकींच्या कुळागरातले, म्हणजे घरालगतच्या बागायतीतले, पोफळीचे. काकींचे यजमान होते तोवर ते खांद्यावरून आणत. ते गेल्यावरही काकींनी खांब कधी चुकवले नाहीत. दोन गडी लावून, साकवावरून जपून पाठवायच्या आणि स्वतः मागून यायच्या.

सगळे जमले की बाबली शेताच्या मधोमध नारळ ठेवून गाऱ्हाणं घाली. ते झालं की दुसरं काम, बाहेरगावच्या संघांची जेवणाला वाटणी. "हरमलचे पोरगे राऊळांकडे. कोरगांवचे आमच्या सुमंगलाकडे. डिचोलीचे पद्माकाकीकडे." ज्या घराकडे संघ जायचा ते घर त्या दिवसापुरतं त्या संघाचं. सामना आपल्याच गावाविरुद्ध असला तरी त्या घरची माणसं जेवायला आलेल्यांच्या बाजूने ओरडत.

डिचोलीचा संघ म्हणजे तिथल्या कारखान्यांतले कामगार. सगळे कोल्हापूर-बेळगावकडचे, खोल्या करून राहणारे. त्यांचा कप्तान संतोष गडहिंग्लजच्या बाजूचा. काकींकडे पहिल्यांदा जेवायला बसला तेव्हा म्हणाला, "काकी, माशाला काटं लई, पण आमटी एक नंबर!"

"आमटी न्हय रे, हुमण."

"हुमण म्हंजे आमच्याकडं किडा असतुया, काकी. उसाला लागतो."

काकी इतक्या हसल्या की वाढता वाढता पळी खाली ठेवली. तेव्हापासून दर वर्षी तो संघ त्यांचा. काकींना मूलबाळ नव्हतं. टुर्नामेंटच्या दिवशी त्यांच्या ओसरीवर संघभर पोरं असत.

बक्षीस एकच असे, सालदाटी केळ्यांचा घड. जिंकलेला संघ तो आळीपाळीने खांद्यावर घेऊन बसने जायचा आणि घरी पोचेपर्यंत घडाचा नुसता दांडा उरायचा.

भाषेच्या भांडणाच्या काळात गावाचे दोन तट पडले. मराठीवाले कोंकणीवाल्यांच्या ओसरीवर चढेनात, कोंकणीवाले मराठीवाल्यांच्या दुकानातून माचिससुद्धा घेईनात. पण टुर्नामेंटला दोन्हीकडच्या बायका त्याच शेतात चोपणी घेऊन बसल्या. बाबलीला कोणीतरी डिवचलं, "तू खंयच्या बाजूचो रे?" तो म्हणाला, "माका बाजू ना. मी खांबाकडे उबो रवतंय." पंच खांबाकडेच उभा राहतो.

पुढे गोवा घटक राज्य झालं. त्याच सुमाराला आमच्या पंचायतीत नवा सरपंच आला, गौरेश. माझाच विद्यार्थी. हुशार, उमदा, कॉलेजच्या संघातून व्हॉलीबॉल खेळलेला. त्याच्या मनात गावासाठी काही करायची खरीच तळमळ होती. एका संध्याकाळी शाळेत येऊन म्हणाला, "मास्तर, केळ्यांच्या घडासाठी किती दिवस खेळायचं? यंदा टुर्नामेंट पंचायतीतर्फे करायची. चषक, लोखंडी खांब, मांडव, लाऊडस्पीकर. रस्ता पंचायतीचा, दिवा पंचायतीचा, मग पोरांचा खेळ कोणाचा? केळीच्या बागेचा?"

त्याचं म्हणणं मला पटलं, बाबलीला तर फारच. लोखंडी खांब म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. पण पंचायतीकडे त्या वर्षी एकाच कामापुरता पैसा होता आणि पद्माकाकी गेली दोन-तीन वर्षं साकव मागत होत्या. गेल्या पावसात त्यांचा पाय घसरला होता. टोपली वाहून गेली, त्या स्वतः एका झुडपाला धरून राहिल्या. ओहोळापलीकडे फक्त चार घरं. त्यामुळे साकवाची गोष्ट निघाली की सभेत लोक मान हलवत आणि पुढच्या विषयाकडे वळत.

ग्रामसभा शाळेच्या पडवीत भरली. नव्या पंचायतीची पहिलीच सभा, म्हणून मेजावर नारळ, हार, उदबत्ती. काकी पुढच्याच बाकावर, मांडीवर छत्री आडवी ठेवून बसल्या होत्या. चांगल्या भांडायच्या तयारीने आल्या होत्या. गौरेशने दोन्ही कामं लोकांपुढे मांडली आणि म्हणाला, "टुर्नामेंटविषयी बाबलीमामा सांगतील."

बाबली उठला. धुतलेला शर्ट, केसांना तेल. "टुर्नामेंट... म्हणजे आमी... माका असां वाटता..." एवढं बोलून त्याने गुंडी पकडली. मागून कोणीतरी खोकलं. मदतीसाठी बाबली इकडे तिकडे बघू लागला आणि त्याची नजर मेजावरच्या नारळावर पडली.

आवाज एकदम बदलला.

"बा देवा रवळनाथा, महाराजा..."

"व्हय महाराजा!" अख्खी पडवी म्हणाली.

"आज तुजी लेकरां हंय गोळा जाली हत, महाराजा..."

"व्हय महाराजा!"

"मरडातल्या शेतात वर्सानवर्सां आमी खेळ मांडतांव, तो असोच चलूं दी, महाराजा..."

"व्हय महाराजा!"

"आणि पंचायत जो आधार दितली, तो आमकां मानान घेवं दी, महाराजा..."

"व्हय महाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज पद्माकाकींचा होता. डोळे मिटलेले, हात जोडलेले, छत्री मांडीवरून घसरून खाली पडलेली. माझेही हात जोडलेले होते. पंचायतीचे सचिव नारायणराव लाटंबार्सेचे, त्यांच्याकडेही हीच रीत. त्यांनीही "व्हय महाराजा" म्हटलं आणि मग पेन उघडून 'एकमताने मंजूर' असं लिहून टाकलं.

गौरेश आलेली संधी सोडणारा नव्हता. "छान! आता चहा घ्या सगळ्यांनी."

काकींनी डोळे उघडले. "आणि मतां? मतां घेवंची नाय?"

"काकी, मत सगळ्यांनी दिलं. तुम्ही तर सगळ्यांत मोठ्याने."

पडवीत हशा पिकला. काकींनी खाली पडलेली छत्री उचलली आणि चहा न घेता निघून गेल्या.

पुढच्या शुक्रवारी बाबलीने माडावरून हाक दिली, "पद्माकाकी, बस वडाकडे पावली!" खालून काही उत्तर आलं नाही. काकी साकव ओलांडून आल्या आणि वर न बघता चालू लागल्या. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तसंच. तेव्हा सुमंगलाने नवऱ्याला बजावलं, "जावन बस तिच्याकडे. हंय माका तुजां तोंड बघवना."

बाबली काकींकडे जाऊन ओसरीच्या पायरीवर बसला. हे त्यानेच मला नंतर सांगितलं. काकी मिरच्या निवडत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या,

"बाबली, गाऱ्हाणां कोणासाठी घालतत रे?"

"सगळ्यांसाठी."

"मग त्येच्यात माजो साकव खंय होतो?"

बाबली पडलेली मिरचीची देठं गोळा करू लागला.

"तू मनशासारखो बोललो आसतंस, तर मी तुका मनशासारखो जबाब दिलो आसतो. बरी चार माणसांत जिरवली आसती तुजी. देवाच्या आवाजाक मी काय जबाब दिवं, सांग?"

बाबलीने गौरेशला जाऊन सांगितलं. गौरेश म्हणाला, "मामा, मंजूर झालं ते झालं. साकव पुढच्या वर्षी नक्की." आणि खरं सांगायचं तर बाबलीनेही फार ताणलं नाही. काकींचा राग त्याला सलत होता, पण लोखंडी खांबही डोळ्यांपुढे उभे होते. माणूस दोन्ही एकदम बाळगू शकतो.

पंचायतीची टुर्नामेंट आली. आदल्या दिवशी बाबली पाणी घेऊन शेतात जाऊन उभा राहिला. चोपायला कोणी येईना. राऊळांच्या सुनेला विचारलं, तर ती म्हणाली, "पंचायतीन कंत्राट दिलां मगे?" दिलं होतं खरं. कंत्राटदाराने रूळ फिरवून शेताचा एक बांध मोडला आणि ढेकळं होती तिथेच ठेवून तो निघून गेला. खांब म्हापशाच्या मांडववाल्याकडचे, भाड्याचे, चांगले रंगवलेले. मांडवात पाहुण्यांची भाषणं सुरू झाली ती ऊन डोक्यावर येईपर्यंत संपेनात. बाबलीला गाऱ्हाणं माइकवर घालायला सांगितलं. त्याने तोंड उघडताच माइक किंचाळला, तो दचकून मागे सरला, आणि "व्हय महाराजा" चार ठिकाणांहून चार वेळा आलं.

जेवणाची वेळ झाली तेव्हा मात्र त्याला खरं कळलं. एकाही घराने चूल मांडली नव्हती. "जेवणाचां पंचायत बघता मगे?" ज्याला त्याला हेच वाटलेलं. पंचायतीने पाव आणि बटाटवडे मागवले होते. ते पाहुण्यांच्या गाड्यांतून आलेल्या माणसांनीच संपवले. डिचोलीचे पोरगे आंब्याखाली बसले होते. संतोष म्हणाला,

"मामा, औंदा काकींकडं न्हाय जायाचं व्हय?"

बाबली ओहोळापर्यंत गेला, साकवाकडे बघत उभा राहिला आणि परत आला. शेवटी सुमंगलाने घरची पेज, कैऱ्यांच्या तोरांचं लोणचं आणि भाजलेली सुकी सुंगटं, म्हणजे कोलंबी, एवढ्यावर त्या पोरांना बसवलं. संतोष पेज ओरपत म्हणाला, "पेज बी झकास हाय, मामी. पर काकी रुसल्यात जणू?" सुमंगलाने फक्त बाबलीकडे बघितलं.

त्या दिवशी डिचोलीचाच संघ जिंकला. गौरेशने हातभर उंच चषक संतोषच्या हातात दिला, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. सगळं आटोपल्यावर संतोष बाबलीजवळ येऊन हळूच म्हणाला, "मामा, केळ्यांचा घड कुठाय?"

"चषक गावलो मरे तुका!"

"गावला. पर ह्यो ठेवू कुठं? खोलीत आमीच मावंना. घड असता तर समद्यांनी खाल्ला असता की."

बस गेल्यावर बाबली रिकाम्या मांडवात बराच वेळ बसून होता. मी शेजारी जाऊन बसलो. तो म्हणाला, "मास्तर, सगळां आयलां. गाव तेवढो आयलो ना."

पुढल्या वर्षीची ग्रामसभा आली. पैसा पुन्हा एकाच कामापुरता. गौरेश साकवाचं विसरला नव्हता, पण टुर्नामेंटची बातमी वर्तमानपत्रात छापून आली होती आणि या वर्षी आणखी संघ यायला तयार होते. थांबलो तर सगळं ओसरेल असं त्याला वाटत होतं. मेजावर पुन्हा नारळ होता. या वेळी कुठलाही समारंभ नव्हता, पण नारळ होता. गौरेश हसून म्हणाला, "बाबलीमामा, बोला."

लोकांनी आधीच हात जोडले. काहींनी डोळेही मिटले. पद्माकाकींनी मात्र दोन्ही हातांनी छत्री गच्च धरली होती.

बाबली पुढे आला. त्याने मेजावरचा नारळ उचलला आणि बायकांत बसलेल्या सुमंगलाच्या ओटीत नेऊन ठेवला.

"हो घराकडे व्हर. हंय देव ना." मग लोकांकडे वळून म्हणाला, "हात जोडूं नकात. आज हात वयर करूचे आसत."

आणि तो बोलू लागला. इतकं वाईट भाषण मी आयुष्यात ऐकलं नाही. "टुर्नामेंट... माजी. म्हणजे गावची. माका ती व्हयी. कोणाकय व्हयी आसतली, त्येच्यापरस माका चड व्हयी. पण... ही काकी. शुक्रवारी साकवार येता. ती मदीं पावली की मी माडार श्वास धरतंय. अलतडी पावली की सोडतंय. कितली वर्सां असो श्वास धरतलंय? मीय म्हातारो जातंय." कोणीतरी हसलं. बाबली लाल झाला, पण थांबला नाही. "खेळ पैशे नासताना जालो. तुमी सगळ्यांनी केल्यात. साकव पैशे नासताना जावंचो ना. बस. माका आनी येना."

गौरेश शांतपणे म्हणाला, "मामा, मी विरोधासाठी बोलत नाही. पण गावाची एकदा सवय मोडली आहे. पंचायतीने हात काढला आणि लोकही आले नाहीत, तर टुर्नामेंट कायमची बंद पडेल. चालेल तुम्हाला?"

हाच प्रश्न होता. बाबलीच्या सगळ्या आयुष्यात स्वतःची म्हणावी अशी ती एक गोष्ट होती. त्याचा हात गुंडीकडे गेला आणि तिथेच राहिला.

"चलचां ना," तो म्हणाला. "पण पडली तर पडली. काकी पडूक नये."

"व्हय महाराजा!" मागून एक म्हातारा सवयीने म्हणाला.

"व्हय न्हय रे, हात! हात वयर कर!" बाबली ओरडला आणि सभेला हसू आवरेना. त्या हसण्यातच हात वर झाले. पहिला पद्माकाकींचा, छत्रीसकट. टुर्नामेंटच्या बाजूनेही बरेच हात होते, सगळे तरुण पोरांचे. पण साकवाचे जास्त भरले. गौरेशने दोनदा मोजले, नारायणरावांना लिहायला सांगितलं आणि बाबलीला म्हणाला, "मामा, गाऱ्हाणं घातलं असतंत तर मी जिंकलो असतो."

"म्हणानच घातलां ना," बाबली म्हणाला.

गौरेशचं म्हणणं मला आजही चुकीचं वाटत नाही. पुढे त्याच गौरेशने पंचायतीच्या पैशातून मरडातल्या शेताला चांगला बांध घालून दिला आणि पिण्याच्या पाण्याचा नळ आणला. त्याला कोणी हरकत घेतली नाही, पद्माकाकींनीही नाही. नळ आणि बांध सगळ्यांचेच असतात, टुर्नामेंट नसली तेव्हाही. मांडव आणि भाषणं कोणाची होती हे मात्र मला कधी कळलं नाही.

साकव पावसाआधी झाला. चिऱ्यांचे खांब, वर सिमेंट, दोन्ही बाजूंना कठडा. काकींची बाबलीशी बोलाचाली सुरू झाली, पण खांबांचा विषय त्यांनी काढला नाही, आणि बाबलीने विचारला नाही. कोणालाच काही विचारायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. फक्त कापणी झाल्यावर दिवस जाहीर केला आणि बाहेरच्या संघांना निरोप धाडले.

त्या सकाळी मी शेतावर गेलो तेव्हा तिथे कोणीच नव्हतं. बाबली बांधावरच्या माडावर चढून बसला होता. त्या माडाचे नारळ त्याने आठवड्यापूर्वीच पाडले होते.

"काय दिसतं रे?" मी खालून विचारलं.

"कोण ना, मास्तर."

मी बांधावर बसलो. थोड्या वेळाने वरून आवाज आला, "राऊळांची सून भायर सरली." मग, "हातात चोपणां आसा." मग, "पाटल्यान सासूय आसा गे बाय!" पुढे तर त्याचं तोंड थांबेना. कोण कोण निघालं, कोणाच्या हातात कळशी, कोणाच्या डोक्यावर तपेलं. मोटारसायकलचा आवाज आला. गौरेश मोरजीहून नेट घेऊन आला होता. त्याने ते खांद्यावरून उतरवून वर बघितलं.

"मामा, नेट आणलं. पण बांधणार कशाला? खांब कुठे आहेत?"

बाबली वरूनच रस्त्याकडे बघत होता. डिचोलीची बस वडाकडे थांबलेली मलाही दिसली, पण पोरं शेताकडे येईनात. "खंय गेले हे?" बाबली म्हणाला. "उतरले म्हणान दिसले, मागीर माडांआड..."

आणि वाक्य अर्ध्यावर ठेवून तो गप्प झाला.

मी ओहोळाकडे वळून बघितलं. नव्या साकवावरून पोफळीचे दोन लांब खांब येत होते. पुढच्या टोकाला संतोष, मागे त्याचे साथीदार. आणि सगळ्यांच्या पुढे, डोक्यावर टोपली, हातात छत्री, कठड्याला हातसुद्धा न लावता पद्माकाकी चालत होत्या. साकवाच्या मधोमध. माडावर चिडीचूप.

काकींचं पाऊल अलीकडच्या मातीवर टेकलं.

"पावली!" बाबली ओरडला.

"मेल्या, आता कठडो आसा मरे! गप्प कित्याक रवलंस?"

"संवय गे, काकी!" म्हणत तो सरसर खाली उतरला.

काकींनी टोपली उतरवली. त्यात मसाल्याचं वाटण, कोकमाची सोलं आणि वर एक नारळ होता. तो नारळ त्यांनी बाबलीच्या हातात दिला.

"हो घे. आणि ह्या खेपेक साकव घाल गाऱ्हाण्यात."

खांब उभे राहिले, एक थोडा वाकडा. राऊळांच्या बायकांनी शेत चोपून घेतलं. बाबलीने मधोमध नारळ ठेवला आणि देवाला सगळं सांगितलं. खेळाचं, खांबांचं, गौरेशच्या नेटाचं, डिचोलीच्या पोरांचं, आणि साकवाचं. दर वाक्याला आम्ही "व्हय महाराजा" म्हणत होतो. काकीही म्हणत होत्या. या वेळी डोळे उघडे ठेवून.